स्कॅन समोर असताना रक्तस्राव आधी का सांगता येत नाही?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना (वय ७१) सकाळी चहा घेताना लकव्याचा झटका आला. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना, शब्द फुटेनात. रिक्षात घालून जवळच्या रुग्णालयात नेलं. सीटी स्कॅन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “ब्लीडिंग नाही, गुठळी आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतोय, पण त्याने मेंदूत ब्लीडिंग होऊ शकतं. इथे सही करा.” सही करताना माझ्या मिस्टरांचा हात कापत होता. बाबा आज चालते-बोलते आहेत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मेंदूचा फोटो समोर होता, मग कोणाला ब्लीडिंग होणार आणि कोणाला नाही हे त्यात दिसत नाही का? दिसत असेल तर आम्हाला का सांगितलं नाही?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : थोडंफार दिसतं. डॉक्टरांनी ते पाहिलंही असणार. “ब्लीडिंग नाही” असं म्हणण्याआधी त्यांनी त्या फोटोत आणखी तीन-चार गोष्टी शोधलेल्या असतात. त्या घरच्यांना समजावत बसायला वेळ नसतो, एवढंच. पण तुमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ‘याच माणसाला होणार का?’ याचं खात्रीचं उत्तर आजच्या कुठल्याही स्कॅनमध्ये नाही. समजा उद्या बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता आला, तरी इंजेक्शन द्यायचं की नाही हा निर्णय त्यातून आपोआप निघणार नाही. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नातली खरी गंमत इथेच आहे. तिथवर जरा वळसा घेऊन जाऊ.

आधी ती सही. त्या कागदामागे १९९५ सालचा एक अमेरिकन अभ्यास आहे. झटक्यापासून तीन तासांच्या आत आलेले ६२४ रुग्ण घेतले, निम्म्यांना अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारं औषध दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. पहिल्या गटात ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत प्रकृती बिघडवणारा रक्तस्राव झाला, दुसऱ्या गटात ०.६ टक्के. दहापट फरक. एवढंच ऐकलं तर कोणाचाही हात कापेल. पण त्याच अभ्यासात तीन महिन्यांनंतरचे मृत्यू मोजले तेव्हा ते औषध मिळालेल्यांत १७ टक्के आणि न मिळालेल्यांत २१ टक्के भरले. आणि पूर्ण किंवा जवळपास पूर्ण बरं होण्याची शक्यता औषधाने निदान ३० टक्क्यांनी वाढली होती. पुढे २००८ मध्ये युरोपातल्या अभ्यासाने तीन तासांची मर्यादा साडेचारपर्यंत ताणली. तुमच्या मिस्टरांनी सही केली ती या दोन्ही बाजूंवर. कानावर पडली ती मात्र एकच.

आता रक्तस्राव होतो कसा ते पाहू, कारण स्कॅनमध्ये काय शोधायचं हे त्यावर ठरतं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती शरीरात इतरत्र असतात त्याहून घट्ट असतात; रक्तातला कुठलाही पदार्थ उठून मेंदूत शिरू नये अशी ती व्यवस्था आहे. गुठळीने पुरवठा तोडला की आधी मेंदूच्या पेशी मरू लागतात आणि तासागणिक या भिंतीही खिळखिळ्या होतात. पेशींमधले जोड सुटतात, आतलं अस्तर कुरतडणारी एन्झाइम्स कामाला लागतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की अल्टेप्लेस या एन्झाइम्सना आणखी चेव आणतं. अशा अवस्थेत गुठळी विरघळते आणि रक्त पूर्ण दाबाने परत येतं. दोन दिवसांच्या पाणीकपातीनंतर व्हॉल्व्ह उघडला की जुन्या लाइनवरचा जो सांधा सडलेला असतो तोच फुटतो, हे घाटकोपर-भांडुपकरांना सांगायला नको. म्हणून उपचारानंतरचा रक्तस्राव बहुतेक वेळा आधीच मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या भागात होतो. तेव्हा स्कॅनला विचारायचे प्रश्न दोन : किती भाग मेलाय, आणि भिंती किती सडल्यात?

पहिल्याचं उत्तर साधा सीटी देतो, पण कुजबुजत देतो. सीटीमध्ये प्रत्येक ठिपक्याला घनतेचा एक आकडा असतो. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्या गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याच नावाने तो मोजतात. पाण्याचा आकडा शून्य. ताजं रक्त पन्नास ते सत्तर, म्हणून ते पांढरं शुभ्र दिसतं आणि शिकाऊ डॉक्टरलाही चुकत नाही. मेंदूचा करडा भाग पस्तीस-चाळीस, आतला पांढरा भाग पंचवीस-तीस. म्हणजे निरोगी मेंदूतही या दोहोंत दहाएक आकड्यांचाच फरक. पुरवठा तुटलेला भाग हळूहळू पाणी ओढू लागतो, आणि पाणी एक टक्क्याने वाढलं की घनता अडीच आकड्यांनी उतरते. पहिल्या दोन-तीन तासांत डॉक्टर शोधत असतात तो बदल एवढासाच असतो. कन्सोलपुढे बसलेला डॉक्टर माउसने पडद्यावरच्या करड्या छटा ताणताना तुम्ही पाहिला असेल. जो फरक नेहमीच्या छटांत बुडून जातो, तो छटांचा पट्टा अरुंद केला की जरा वर येतो. मग तो डावी-उजवी बाजू ताडून पाहतो. कानाच्या वरच्या अंगाला मेंदूच्या घडीत खोल एक करडी कड असते, ती एका बाजूला स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला पुसट दिसली की समजायचं, तिथे नुकसान सुरू झालंय. कधी गुठळीच दिसते : रक्तवाहिनीच्या जागी एक बारीक पांढरा धागा.

या कुजबुजीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं याचा धडाही १९९५ सालीच मिळाला. युरोपातल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात ६२० रुग्ण होते, अल्टेप्लेसचा डोस अमेरिकनांपेक्षा जास्त होता आणि मुदत सहा तासांची. नियम असा होता की मेंदूच्या मुख्य मधल्या धमनीच्या क्षेत्राचा एक तृतीयांशाहून अधिक भाग सीटीवर बिघडलेला दिसला तर औषध द्यायचं नाही. नंतर तज्ज्ञांच्या मंडळाने स्कॅन पुन्हा तपासले तेव्हा १०९ रुग्ण नियमाबाहेर असूनही अभ्यासात घेतलेले निघाले, आणि त्यातल्या बहुसंख्यांच्या बाबतीत कारण सीटीच होतं. खुणा होत्या, त्या नजरेतून सुटल्या होत्या. रक्तस्रावाने अभ्यासाचा निकाल झाकोळून टाकला.

‘एक तृतीयांश’ हे डोळ्यांनी मोजायचं माप म्हणजे वादाला आमंत्रणच. कॅनडातल्या कॅल्गरीच्या डॉक्टरांनी २००० साली त्यावर तोडगा काढला, तो आज जगभर चालतो. त्या धमनीच्या क्षेत्राचे दहा ठरावीक तुकडे पाडायचे, पूर्ण दहा गुणांनी सुरुवात करायची, आणि जो तुकडा बिघडलेला दिसेल त्याचा एक गुण वजा करायचा. याला ‘ॲस्पेक्ट्स’ म्हणतात. त्यांच्या रुग्णांत सात किंवा त्याहून कमी गुण असणाऱ्यांना परावलंबित्व आणि रक्तस्राव दोन्हींचा धोका ठळकपणे जास्त निघाला. तुमच्या सासऱ्यांच्या केसपेपरवर कुठेतरी ‘ॲस्पेक्ट्स ९’ किंवा ‘८’ असं लिहिलेलं असू शकेल. काढून बघा.

फोटोबाहेरच्या गोष्टीही हिशेबात येतात. फिनलंडच्या हेलसिंकीतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये ‘सेडान’ नावाचा गुणांक मांडला. त्यात एकूण सहा गुण. साखर साधारण १४५च्या वर गेली की एक, २१६च्या वर गेली की दोन. सीटीवर नुकसानीच्या लवकरच्या खुणा असल्या तर एक. पांढरा धागा दिसला तर एक. वय ७५च्या वर असेल तर एक. झटका जोराचा असेल तर एक. जितके गुण जास्त, तितका रक्तस्रावाचा धोका जास्त. आपल्याकडे साखर हा मुद्दा जरा अधोरेखित करावा असा आहे. घराघरात डायबेटिस आहे आणि झटक्याच्या धावपळीत आदल्या रात्रीपासूनची गोळी कोणाला आठवते? इंजेक्शनआधी ज्या एका रक्त तपासणीसाठी थांबलंच पाहिजे ती बोटाला टोचून घेतलेली साखर. बाकी रिपोर्टांसाठी, विशेष कारण नसेल तर, थांबायचं नसतं.

दुसरा प्रश्न भिंतींचा. तिथे एमआरआय जास्त बोलका आहे. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम हा रंगद्रव्यासारखा पदार्थ शिरेतून देतात. भिंत धड असेल तर तो रक्तातच राहतो. झिरपत असेल तर थोडाथोडा मेंदूत उतरतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रिचर्ड ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की रक्तपुरवठा तपासायला एरवी काढलेल्या एमआरआयमधूनच ही गळती संगणकाने मोजता येते, आणि उपचाराआधीच जिथे गळती फार होती तिथे पुढे रक्तस्राव होण्याचा संबंध जोडता येतो. तुम्ही विचारलंत त्याच्या सर्वांत जवळ जाणारं काम हेच. मात्र हा अभ्यास उलटा होता : कोणाला रक्तस्राव झाला हे आधीच माहीत होतं, मग त्यांचे जुने स्कॅन काढून पाहिले. कॅज्युअल्टीत घड्याळ चालू असताना तोच आकडा तेवढाच खरा ठरेल का, ही वेगळी परीक्षा असते.

एमआरआय आणखी एक गोष्ट दाखवतो, जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे डाग. वर्षानुवर्षांचं ब्लडप्रेशर किंवा म्हातारपणी वाहिन्यांत साचणारं एक प्रथिन यामुळे मेंदूत टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके पडून गेलेले असतात. माणसाला पत्ताही नसतो. असे दहाहून जास्त डाग असतील तर इंजेक्शननंतरचा धोका वाढतो. मग प्रत्येकाचा एमआरआय का करत नाहीत? कारण अमेरिकन मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की केवळ हे डाग शोधण्यासाठी इंजेक्शनआधी सरसकट एमआरआय करू नये. सीटी मिनिटांत होतो. एमआरआयसाठी अंगावरचा धातू तपासा, पेसमेकर विचारा, तळमळणाऱ्या माणसाला स्थिर ठेवा, आणि मशीन दुसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्टची वाट बघा. मोठी गुठळी अडकलेली असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मिनिटाला मरतात असा अंदाज आहे. धोका मोजता मोजता तो वाढवून ठेवण्यात काय शहाणपण?

आता त्या गमतीकडे येऊ. समजा, कोणी एक झकास तपासणी शोधली, जी रक्तस्राव होणाऱ्या दहांपैकी आठ जणांना बरोबर पकडते आणि न होणाऱ्या दहांपैकी आठ जणांना बरोबर सोडून देते. ऐकायला उत्तम. आता शंभर रुग्ण घ्या, त्यातल्या सहांना रक्तस्राव होणार आहे असं धरा. तपासणी त्या सहांपैकी पाच पकडेल. पण उरलेल्या ९४ जणांपैकी १९ जणांवरही ‘धोका’ असा शिक्का मारेल. म्हणजे शिक्का बसलेल्या २४ जणांपैकी १९ जणांना रक्तस्राव होणारच नव्हता. या सगळ्यांचं इंजेक्शन रोखलं तर पाच जण वाचवायला जाऊन एकोणीस जणांची हातपाय परत मिळायची संधी आपण काढून घेतली. घटना मुळात विरळ असली की अंदाज करणारं साधन बऱ्यापैकी चांगलं असलं तरी त्याचे बहुतेक इशारे खोटे निघू शकतात. यात ना मशीनचा दोष ना डॉक्टरचा. हे गणितच तसं आहे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या विशिष्ट तपासणीचे नाहीत.

आणि याहून चक्रावणारा भाग पुढे आहे. ज्यांच्या स्कॅनवर मोठा भाग गेलेला दिसतो, ज्यांना रक्तस्रावाचा धोका सर्वाधिक, त्यांच्यावर उपचार करू नये अशी समजूत वीसेक वर्षं होती. जपानी डॉक्टरांनी ती तपासून पाहायचं ठरवलं. त्यांनी ॲस्पेक्ट्स तीन ते पाच, म्हणजे वाईट स्कॅन असलेले २०३ रुग्ण घेतले आणि निम्म्यांची गुठळी मांडीतल्या धमनीतून तार घालून ओढून काढली. निकाल २०२२ मध्ये आला. गुठळी काढलेल्यांपैकी ५८ टक्क्यांच्या मेंदूत स्कॅनवर कुठे ना कुठे रक्त दिसलं. दुसऱ्या गटात ३१.४ टक्के. भाकीत अगदी खरं ठरलं म्हणा ना. पण तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या आधाराशिवाय चालू शकणारे किती होते? गुठळी काढलेल्यांत ३१ टक्के, न काढलेल्यांत १२.७ टक्के. रक्त जवळजवळ दुप्पट लोकांत दिसलं, आणि चालणारे दुपटीहून जास्त झाले. पुढच्या वर्षी चीन आणि अमेरिकेतल्या अशाच अभ्यासांनीही मोठ्या नुकसानीत उपचाराची बाजू उचलून धरली.

हे कसं? कारण ‘मेंदूत ब्लीडिंग’ ही एकच गोष्ट नसते. मेलेल्या भागात ठिपक्यांसारखं थोडं रक्त पाझरणं हे अनेकदा पुरवठा परत सुरू झाल्याचंच लक्षण असतं आणि रुग्णाला त्याने काही जाणवतही नाही. डॉक्टर घाबरतात ते गोळा होऊन बसलेल्या रक्ताला, जे शेजारचा चांगला मेंदू दाबतं. स्कॅनवर दोन्ही पांढरंच दिसतं आणि रिपोर्टात दोन्हींना रक्तस्रावच म्हणतात, पण घरच्यांनी विचारायचा प्रश्न असा : ठिपके आहेत की गोळा आहे, आणि रुग्णाची अवस्था त्याने बिघडली का?

एवढ्यावरून वाटेल की अंदाज बांधण्याचा खटाटोपच फुकट. मुळीच नाही. धोका जास्त दिसला की ब्लडप्रेशरवर पहारा कडक होतो (इंजेक्शननंतर चोवीस तास ते १८०/१०५ च्या खाली ठेवतात), आयसीयूत डोळ्यांत तेल घालून बघतात, रक्तस्राव झालाच तर औषधाचा असर उलटवायला ब्लड बँकेला आधी सूचना जाते. औषधाच्या डोसचाही विचार होतो. आशियाई माणसांना रक्तस्राव जास्त होतो या समजुतीने कमी डोस द्यावा का, हे २०१६ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासलं. ३,३०० च्या आसपास रुग्णांत बहुसंख्य आशियाई होते, भारतातलेही. कमी डोसने गंभीर रक्तस्राव २.१ वरून १ टक्क्यावर आला, पण अपंगत्वाच्या बाबतीत कमी डोस नेहमीच्या डोसइतकाच चांगला आहे असं सिद्ध झालं नाही. पुन्हा तोच पेच : रक्त कमी, फायदाही बहुधा कमी.

मुंबईचं म्हणाल, तर या शहरात लकव्याची शिस्तशीर मोजणी उपनगराच्या तोंडाशीच झाली आहे. ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६ या दोन वर्षांत एच वॉर्डातल्या, म्हणजे वांद्रे-खारकडच्या, सुमारे दीड लाख कायम रहिवाशांमध्ये घरोघर आणि रुग्णालयांतून नोंद ठेवली. पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ रुग्ण सापडले. वर्षाला लाखामागे १४५ असं ते प्रमाण. सुमारे ८० टक्क्यांत गुठळी होती, जवळपास १८ टक्क्यांत मुळातच रक्तस्राव. आणि आपल्या विषयाशी थेट जुळणारा आकडा : ८९ टक्के रुग्णांचा सीटी झाला होता. वीस वर्षांपूर्वीच उपनगरात मशीन होतं, माणूस मशीनपर्यंत पोचत होता. वेळेत पोचत होता का, हा प्रश्न वेगळा. अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी सात वाजता ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकलाय का कधी? त्याचं उत्तर तिथेच आहे.

मुंबईतच स्कॅन वाचणाऱ्या संगणकाचंही काम झालंय. इथल्या क्युअर डॉट एआय या कंपनीच्या चमूने २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, भारतातल्या वीसेक केंद्रांमधले तीन लाखांहून अधिक डोक्याचे सीटी वापरून तयार केलेल्या प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रात्री दोन वाजता रेडिओलॉजिस्ट घरी असताना ‘इथे रक्त दिसतंय’ असा इशारा मिळणं ही छोटी गोष्ट नाही. मात्र वर्तमानपत्रांत अशा बातम्या ‘एआय सांगणार ब्रेन हॅमरेज’ अशा थाटात येतात तेव्हा दोन गोष्टींची सरमिसळ होते. झालेलं रक्त ओळखणं हे एक, आणि न झालेलं आधी सांगणं हे दुसरं. पहिल्यात संगणक चांगलाच तरबेज झालाय. दुसऱ्यात त्याला वर सांगितलेलं शंभर रुग्णांचं गणित चुकत नाही.

तर तुमच्या डॉक्टरांनी काही लपवलं का? मला तसं वाटत नाही. त्यांनी फोटो पाहिला, धोका बेतात आहे असं ठरवलं आणि म्हणूनच कागद पुढे केला. धोका फार दिसला असता तर बोलणं वेगळं झालं असतं. तक्रारच करायची तर एक आहे, आणि ती बहुतेक सगळ्याच रुग्णालयांना लागू आहे : इंजेक्शन दिलं तर काय होऊ शकतं हे सांगतात, न दिलं तर काय होईल हे त्याच दमात सांगत नाहीत. दोन वाक्यांचं काम आहे.

याच विषयावर आलेल्या आणखी दोन पत्रांची उत्तरं थोडक्यात देतो.

प्रश्न : माझी आई सकाळी उठली तीच अर्धं अंग लुळं घेऊन. “झटका कधी आला माहीत नाही, इंजेक्शन देता येणार नाही,” असं सांगितलं गेलं. असं असतं का?
— एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : बरीच वर्षं तसंच होतं. झोपण्याआधी ठीक होत्या ती वेळ झटक्याची धरायची, म्हणजे सात-आठ तास सहज उलटलेले. इथे एमआरआय घड्याळाचं काम करतो. एका प्रकारच्या चित्रात ताजं नुकसान मिनिटांत चमकतं, दुसऱ्या प्रकारच्या चित्रात ते उमटायला काही तास जातात. पहिल्यात आहे आणि दुसऱ्यात नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. युरोपातल्या अभ्यासाने २०१८ मध्ये याच आधारावर इंजेक्शन दिलं; चांगले बरे झालेले ५३.३ टक्के विरुद्ध ४१.८ टक्के. गंभीर रक्तस्राव २ टक्के विरुद्ध ०.४ टक्के. पण त्यासाठी रात्री-पहाटे एमआरआय चालू असलेलं आणि तो वाचणारा माणूस हजर असलेलं रुग्णालय लागतं. आपल्या भागात असं कोणतं आहे हे आजच फोन करून विचारून ठेवा, झटक्याच्या दिवशी नको.

प्रश्न : वडिलांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. त्यांना कधी झटका आला तर हे इंजेक्शन देता येईल?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : गोळी कोणती यावर आहे. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर सहसा अडचण नसते. ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) बघतात; १.७ च्या वर असेल तर इंजेक्शन देत नाहीत. डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्साबान, ॲपिक्साबान या नव्या गोळ्यांत शेवटची गोळी ४८ तासांच्या आत घेतली असेल तर नेहमीच्या नियमाने टाळतात. अशा वेळी मोठी गुठळी असेल तर ती तारेने ओढून काढण्याचा मार्ग उघडा राहतो. स्कॅन इथे काहीच सांगू शकत नाही. गोळीचं नाव फोटोत दिसत नाही. म्हणून गोळ्यांची स्ट्रिप किंवा चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी पाहिला ती वेळ लिहून घेऊन १०८ ला फोन करा.